ऑनलाइन पदवी करून सॉफ्टवेअर इंजिनिअर होता येतं का? गोव्यात अशा पदवीला कोणी विचारतं का?

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. बारावी सायन्स झाली, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला नाही, बाहेर ठेवायची घरची ऐपत नाही. घरी राहून ऑनलाइन बॅचलर्स केली तर चालेल का, असं तो विचारतो. या प्रश्नाला आलेल्या दोन उत्तरांत 'टाइमपास पदवी' असा शेरा मारलेला दिसला, म्हणून एवढं लिहायला बसलो.

आधी कागदाचं उरकतो. 'ऑनलाइन बी. टेक.' अशी चीज भारतात नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२०च्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत इंजिनिअरिंग वगळलेलंच आहे. पत्राने इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या काही अभिमत विद्यापीठांच्या पदव्यांवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१७मध्ये निकाल दिला, तेव्हा नोकरीला लागून वर्षं झालेल्या लोकांच्याही पदव्या लटकल्या. त्यामुळे कोणी बी. टेक. घरबसल्या देतो म्हणाला तर त्याचा चहा पिऊन उठा. बीसीए, बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा आयआयटी मद्रासची बी. एस. मात्र रीतसर मिळते, आणि त्याच नियमांतलं बाविसावं कलम मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीला नेहमीच्या पदवीच्या बरोबरीने धरतं. विद्यापीठाचं नाव मोठं आहे एवढ्यावर जाऊ नका. यूजीसी-डीईबीच्या, म्हणजे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, यादीत त्या सत्रासाठी, तो विशिष्ट अभ्यासक्रम आहे का ते बघा. विद्यापीठाला एमबीएची परवानगी असते आणि बीसीएची नसते, असंही होतं.

२०२४पासून या यादीतल्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला डीईबी-आयडी लागतो. तो एबीसी खात्यावरून (विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात ते सरकारी खातं) निघतो आणि एबीसी आधारवर उभं असतं. आधारवर गांवकर, मार्कलिस्टवर गावकार असा आपल्याकडचा नेहमीचा घोळ असेल तर घोडं इथेच अडतं. फॉर्म भरायच्या आधी नाव दुरुस्त करून घ्या, शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

आता खरा मुद्दा. आमचे भावोजी एका कॉलेजात शिकवतात. दर चतुर्थीला पंगत उठली की त्यांचा ठरलेला विषय: ऑनलाइनला लॅब नाही, व्हायवा नाही, शिस्त नाही, त्यामुळे ती पोरं कामाची नाहीत. त्यांना जे तोंडावर पटवता आलं नाही ते इथे लिहितो.

पर्वरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही मुलाखती घेत होतो. त्यात केपेकडचा एक मुलगा आला होता, पदवी ऑनलाइन, शेवटची टर्म चालू. प्रोजेक्ट म्हणून त्याने होमस्टेच्या खोल्या बुक करायचं ॲप केलं होतं, फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप करायचं साधन) आणि एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरून. दोन तक्ते, एक खोल्यांचा आणि एक बुकिंगचा. बुकिंगच्या ओळीत खोली क्रमांक, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. तारखा एकमेकींवर येतात का हे तपासायची अट त्याने बरोबर लिहिली होती: नवीन येणं जुन्या जाण्याच्या आधी, आणि नवीन जाणं जुन्या येण्याच्या नंतर. बहुतेक पोरं इथे 'बिटवीन' लावतात, म्हणजे जुनी तारीख नव्या दोन तारखांच्या मध्ये येते का एवढंच बघतात, आणि फसतात. जुनं बुकिंग २९ डिसेंबर ते २ जानेवारी असेल आणि कोणी ३० ते ३१ मागितलं, तर जुन्याची कुठलीच तारीख नव्याच्या मध्ये पडत नाही. ॲप म्हणतं खोली रिकामी आहे! याने ते टाळलं होतं, आणि कडक 'पेक्षा कमी' वापरल्याने सकाळी पाहुणा गेला की दुपारी त्याच खोलीत दुसरा येऊ शकत होता.

मग त्याला विचारलं, ३१ डिसेंबरची एकच खोली उरली आहे, कळंगुटहून एकाने आणि पुण्याहून दुसऱ्याने एकाच क्षणाला बटण दाबलं, तर काय होईल?

तो कोडकडे बघत राहिला. त्याच्या ॲपमध्ये आधी एक प्रश्न डेटाबेसला जातो, 'या तारखांना बुकिंग आहे का', आणि नाही असं उत्तर आलं की मग नवी ओळ घातली जाते. दोन्ही विनंत्या पहिल्या पायरीवर एकदमच पोचल्या तर दोघांनाही 'नाही' हेच उत्तर मिळणार आणि दोन्ही ओळी आत जाणार. म्हणाला, "सर, हे कधी दिसलंच नाही, कारण ॲप वापरणारा मी एकटाच होतो."

ऑनलाइन पदवीत नेमकं काय कमी पडतं ते या एका वाक्यात आलं. लॅबचा यात काही संबंध नाही. तिथे तुम्ही एकटे लिहिता, एकटे चालवता, आणि सॉफ्टवेअर बिघडतं ते दुसरा माणूस आला की.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं बघण्यासारखी होती. पहिल्यांदा त्याने खोली आणि येण्याची तारीख यांवर युनिकची अट, म्हणजे तीच जोडी पुन्हा येऊ न देणारी, सुचवली. ३० ते १ आणि ३१ ते २ ही दोन बुकिंगं घेऊन बघ म्हटल्यावर त्यानेच ती खोडली, कारण येण्याच्या तारखा वेगळ्या, अट दोन्हींना सोडते. मग म्हणाला, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर नेऊन बुकिंगच्या ओळींवर 'सिलेक्ट फॉर अपडेट'चं कुलूप लावतो. पण त्या तारखांचं बुकिंग अजून झालेलंच नाही, मग कुलूप कुठल्या ओळीला लावणार? इथे चांगले चांगले अडकतात. कुलूप लावायचं ते खोलीच्या तक्त्यातल्या त्या खोलीच्या ओळीला. मग दुसरी विनंती थांबून राहते, पहिली कमिट झाली (कायमची नोंदली गेली) की पुढे जाते, आणि तपासणी करते तेव्हा तिला नवं बुकिंग दिसतं. अर्थात तपासणी कुलूप मिळाल्यानंतर करायची; आधी तपासून मग कुलूप लावलं तर व्यर्थ. एसक्यूलाइटमध्ये 'फॉर अपडेट' नाहीच, तिथे व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच नाही असा कामांचा गठ्ठा) 'बिगिन इमिजिएट'ने उघडावा लागतो.

पोस्टग्रेसमध्ये याहून पक्का उपाय आहे, एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट. खोली तीच आणि तारखांची रेंज दुसरीवर येते अशी ओळ डेटाबेसच नाकारतो. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन चालू करावं लागतं, आणि रेंज शेवटची तारीख वगळून ठेवायची. हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. पण त्याने स्वतःहून दुसरंच काढलं: बुकिंगची एकच ओळ ठेवायची नाही, प्रत्येक रात्रीची एक ओळ, आणि खोली व तारीख यांवर युनिक. तीन रात्री म्हणजे तीन ओळी. दहा-बारा खोल्यांच्या होमस्टेला माझं मत यालाच जाईल, कारण हे एसक्यूलाइटवरही चालतं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याने वाचलं तरी कळतं. त्याने एक गोष्ट सोडली होती, ती विचारल्यावर लगेच पकडली: तिन्ही ओळी एकाच व्यवहारात गेल्या पाहिजेत. नाहीतर दोन रात्री मिळाल्या आणि तिसरीला अट आडवी आली की अर्धं बुकिंग लोंबकळत राहतं, आणि त्या दोन रात्री दुसऱ्या कोणालाही विकता येत नाहीत.

त्याच दिवशी हाच प्रश्न नेहमीच्या कॉलेजातल्या पोरांनाही घातला होता. ॲसिड, म्हणजे डेटाबेसच्या व्यवहाराचे चार गुण, ते चार अक्षरं फोडून घडाघडा सांगितलं, पण व्यवहार कोडमध्ये कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दाखव म्हटलं की गप्प. भावोजी, ती तुमच्या लॅबमधली पोरं.

तर ऑनलाइन करणाऱ्याने दुसरा माणूस स्वतः आणून बसवायचा. त्याच अभ्यासक्रमातला एक जण गाठा, म्हापशाचा असो की मदुराईचा. गिटवर एकच रिपॉझिटरी (कोडचं सामायिक कपाट), मेन ब्रँचवर, म्हणजे मूळ प्रतीवर, थेट पुश बंद, प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टने (माझा बदल घ्या अशा विनंतीने), आणि समोरच्याने वाचून मंजूर केल्याशिवाय मर्ज नाही, म्हणजे मूळ प्रतीत मिसळायचा नाही. बदल दोनशे ओळींच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे माणूस वाचत नाही, नुसता अंगठा दाखवतो. पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांनी त्याच ओळी बदलल्या, की रिपॉझिटरी पुन्हा क्लोन करून कोड हाताने पेस्ट करायचा मोह होतो, तो आवरा. दोन्ही बाजूंचे बदल वाचून कुठला ठेवायचा ते ठरवणं हेच काम उद्या नोकरीत रोज करायचं आहे. मुलाखतीला आम्ही मार्कांच्या आधी गिटमधला कमिटचा इतिहास, म्हणजे कोडमधले बदल कधी आणि कसे नोंदवले ते, उघडतो. 'फायनल', 'फायनल टू', 'नाऊ वर्किंग' असे तीनच कमिट, तेही एकाच रात्रीचे, असले की पुढे विचारायला काही उरत नाही.

वर सांगितलेला घोटाळा घरी बघायचा असेल तर सोपं आहे. तपासणी आणि ओळ घालणं यांच्या मधे पाच सेकंदांचा स्लीप (थांबा) टाका आणि दोन खिडक्यांतून एकाच खोलीचं बुकिंग करा. एक खिडकी साधी, एक इन्कॉग्निटो, कारण एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमधून तीच लिंक मागितली तर ब्राउझर कधी कधी दुसरी विनंती पहिली संपेपर्यंत अडवून ठेवतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर आता मुळातच थ्रेडवर चालतो, म्हणजे अनेक विनंत्या एकदम घेतो, त्यामुळे वेगळं काही बसवायची गरज नाही. दुरुस्ती केल्यावर स्लीप तसाच ठेवून पुन्हा करा. एकाला बुकिंग आणि दुसऱ्याला नकार आला, तरच काम झालं.

कुठली पदवी? आयआयटी मद्रासची बी. एस. २०२०मध्ये सुरू झाली. तिचं नाव डेटा सायन्सचं असलं तरी प्रोग्रॅमिंगच्या डिप्लोमाच्या टप्प्यात डेटाबेस, जावा, सिस्टिम कमांड्स आणि वेब ॲप्लिकेशनचे दोन विषय आहेत, त्या दोन्हींना स्वतंत्र प्रोजेक्टही आहेत. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि टेस्टिंग पुढे पदवीच्या टप्प्यावर येतं. मधेच सोडलं तरी त्या त्या टप्प्याचं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात राहतो. क्विझ आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, म्हणजे 'घरबसल्या कॉपी' हा भावोजींचा लाडका मुद्दा इथे लागू पडत नाही. बिट्स पिलानीची ऑनलाइन बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स २०२२पासून आहे. सांकवाळच्या कॅम्पसशी तिचा गोंधळ करू नका, तिथे बसायला मिळत नाही. इग्नूचं बीसीए यांत सगळ्यात स्वस्त पडतं, पण असाइनमेंट वेळेत देणं आणि मार्क चढले का ते बघत राहणं तुमच्यावर. लंडन युनिव्हर्सिटीची कोर्सेरावरची बी. एस्सी. अभ्यासक्रम म्हणून चांगली आहे, मात्र फी भरण्याआधी तिची इथली समकक्षता लेखी विचारून घ्या.

आयआयटी मद्रासच्या एका विषयाला आठवड्याला दहा तास धरा. वर्षात तीन टर्म असतात. घरच्या कामात हातभार लावत असाल तर टर्मला दोनच विषय घ्या, चार घेऊन दोन सोडण्यात फी आणि उमेद दोन्ही जातात. मेची टर्म संपते तेव्हा चतुर्थी दारात असते आणि चेन्नईचं वेळापत्रक आपली गणपतीवरची माटोळी बघून ठरत नाही. घरच्यांना हे जूनमध्येच सांगून ठेवा.

सत्तरीत पावसात वीज जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, बंद पडतो तो राउटर. त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, फक्त राउटरच्या ॲडाप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून तेवढाच किंवा वरचा घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे लोक विसरतात. रॅम १६ जीबी. आठवर डॉकर आणि ब्राउझर एकदम उघडले की बसून राहावं लागतं.

भावोजींचं जे बरोबर आहे तेही लिहितो, नाहीतर घरी ऐकावं लागेल. ऑनलाइनला कॅम्पसवर कंपन्या रांगेने येतात तशा येत नाहीत, अर्ज स्वतः करावे लागतात. सरकारी जाहिरातीत 'बी. ई. किंवा बी. टेक.' लिहिलं असेल तर बी. एस्सी. ऑनलाइन असो वा कॉलेजातली, अर्ज बाद. अमेरिकेला जायचा विचार असेल तर तीन वर्षांची पदवी नोकरीच्या व्हिसासाठी एकटी तोकडी पडू शकते, चार वर्षांची घ्या किंवा पुढे एमसीए करा. आणि ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय डेटा सायन्सच्या नावाखाली बाजूला राहतात. ते एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ) फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तर तेवढीच फी.

गणित कच्चं आहे की नाही याचा अंदाज नसेल तर आयआयटी मद्रासचं क्वालिफायर द्या. चार आठवड्यांचा अभ्यास, असाइनमेंट आणि केंद्रावर एक परीक्षा, जेईईची गरज नाही. तिथे नाही जमलं तर बीसीएला जानेवारीच्या सत्रात प्रवेश घेता येतो.