सॅनिटायझर आहे, पडदे आहेत, तरी साथ का पसरते?

प्रश्न : आमच्या ऑफिसात एका बंद एसी हॉलमध्ये तीसेक जण खेटून बसतो आणि दिवसभर फोनवर बोलतो. एकाला फ्लू झाला की आठवड्याभरात निम्मा हॉल आजारी. व्यवस्थापनाने सॅनिटायझर ठेवलाय, टेबलांमध्ये अ‍ॅक्रिलिकचे पडदे लावलेत, रोज फवारणीही होते. तरी फरक नाही. अजून काय करावं?

उत्तर : फवारणीवरचा खर्च थांबवा आणि तो हवेवर करा. कामगारांच्या आरोग्यासाठी मी कारखाने, ऑफिसं तपासते. आत गेल्यावर पहिला प्रश्न विचारते, ‘बाहेरची हवा कुठून येते?’ बहुतेक ठिकाणी याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण त्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. मोठे थेंब पडद्यावर अडतात. हे कण मात्र वरून, बाजूने सहज पलीकडे जातात.

मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलमधल्या एका कॉल सेंटरमध्ये अकराव्या मजल्यावरच्या २१६ पैकी ९४ जणांना कोविड झाला, त्यातले बहुतेक एकाच बाजूला बसणारे. लिफ्टमध्ये, लॉबीत इतर मजल्यांवरच्या लोकांशी त्यांची गाठ पडतच होती, तरी साथ जवळजवळ त्याच मजल्यापुरती राहिली. एकाच हवेत तासन् तास बसणं किती महागात पडतं, ते यातून कळतं. त्याआधी १९७७ मध्ये अलास्कात बिघाडामुळे एक विमान तीन तास जमिनीवरच खोळंबलं. आतली हवा बदलण्याची यंत्रणा बंद होती. ५४ जणांपैकी ७२ टक्के लोक तीन दिवसांत फ्लूसारख्या आजाराने पडले.

एक साधी तपासणी करा. टिश्यू पेपरची पट्टी हवा बाहेर ओढणाऱ्या एक्झॉस्टच्या जाळीजवळ धरा. ती जाळीला चिकटली पाहिजे. मी कित्येक ठिकाणी ती नुसती लोंबकळताना पाहिली आहे. एके ठिकाणी तर धूळ येते म्हणून जाळीच टेप लावून बुजवली होती. जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर आणा. लोकांनी सोडलेला श्वास खोलीत साचला की त्याचा आकडा चढतो. बाहेर आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. हॉल भरलेला असताना तो ८०० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा.

त्यासाठी एसी चालू असला तरी समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. वीज जास्त जाईल, जाऊ द्या. खिडक्याच नसतील तर हॉलच्या आकाराला पुरेल असा हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर घ्या. आवाज होतो म्हणून लोक तो हळू करतात. तसं करू देऊ नका. (मीटरचा आकडा प्युरिफायरने उतरत नाही, पण विषाणूंचे कण कमी होतात.) साथीच्या दिवसांत चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ वापरा. जेवणाची खोली विसरू नका, तिथे सगळ्यांचेच मास्क खाली असतात. हात साबणाने धुणं चालूच राहू द्या. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

आणि तापात घरी राहिल्यावर पगार कापला जात असेल, तर लोक गोळी घेऊन कामावर येणारच. आजारपणाची पगारी रजा हाही बचावाचाच उपाय आहे, आणि ती मी व्यवस्थापनाकडे आग्रहाने मागते. फ्लू लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरू शकतो, त्यामुळे निव्वळ रजेनेही भागणार नाही. सेंट्रल एसी असेल तर त्याची देखभाल करणाऱ्याला उद्याच विचारा, बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर, म्हणजे झडप, उघडा आहे की बंद? वीज वाचवायला तो बंद केलेला असण्याची शक्यता बरीच आहे.