वाचक विचारतात : कोणता अल्बम सरस?

प्रश्न : पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' श्रेष्ठ की 'विश यू वेअर हिअर', यावर आमच्याकडे वाद आहे. आम्ही प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण दिले आणि सरासरी काढली. 'विश यू' जिंकला. पद्धत बरोबर आहे ना?

उत्तर : या दोन अल्बमच्या बाबतीत तरी नाही. 'विश यू वेअर हिअर'मध्ये नोंदी (ट्रॅक) पाचच. त्यांतल्या दोन म्हणजे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या एकाच रचनेचे दोन तुकडे, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. दोन्ही मिळून सुमारे २६ मिनिटं होतात आणि अल्बम आहे ४४ मिनिटांचा. ऐकण्याचा निम्म्याहून जास्त वेळ जिने व्यापला, तिला तुमच्या सरासरीत पाचांतले दोनच वाटे मिळाले. उलट 'डार्क साइड'मध्ये साधारण ४३ मिनिटांत दहा नोंदी आहेत. पहिली, 'स्पीक टू मी', जेमतेम सव्वा मिनिटाची. ते गाणं नव्हेच; हृदयाचे ठोके, घड्याळं, गल्ल्याचा खणखणाट, हसणं आणि किंकाळी असं याच अल्बममध्ये पुढे येणाऱ्या आवाजांचं नमुनेवजा मिश्रण आहे. त्याला कुणी दहापैकी तीन दिले की अख्खा अल्बम खाली ओढला जातो. भरीस भर म्हणजे काही आवृत्त्यांत 'स्पीक टू मी' आणि 'ब्रीद' मिळून एकच नोंद असते. म्हणजे संगीत तेच, पण दुसरी प्रत घेतली की सरासरी वेगळी.

गुण द्यायचेच असतील तर एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, बाजूंना द्या. दोन अल्बम, चार बाजू. 'डार्क साइड'ची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'ला संपते आणि दुसरी 'मनी'च्या नाण्यांनी सुरू होते. 'विश यू'ची पहिली बाजू 'वेलकम टू द मशीन'वर संपते, दुसरी 'हॅव अ सिगार'वर उघडते. संगीतकारांनी बांधणी केली ती या बाजूंची, तेव्हा मोजायचं एकक तेच धरावं.

ऐकताना एकेका बाजूसाठी ठरावीक गोष्टी टिपा. पहिली, गाणं किती वेळाने सुरू होतं. 'डार्क साइड'मध्ये पहिला गायलेला शब्द अडीच मिनिटांच्या आत येतो. 'विश यू'मध्ये त्यासाठी साडेआठ मिनिटं थांबावं लागतं. गिटारवादक डेव्हिड गिल्मरची ती चार सुरांची प्रसिद्ध ओळसुद्धा जवळपास चार मिनिटांनी येते. दुसरी, सांधे. 'डार्क साइड' प्रसिद्ध होण्याआधी १९७२ मध्ये वर्षभर मंचावर सलग वाजवला गेला होता, म्हणून एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं इतकं सहज आहे. 'विश यू'मध्ये सांधे मुद्दाम दाखवलेले आहेत : 'हॅव अ सिगार'चा भरगच्च आवाज अचानक आक्रसतो आणि एखाद्या छोट्या रेडिओतून यावं तसं शीर्षकगीत सुरू होतं. तिथे तुमचा स्पीकर बिघडलेला नाही. तिसरी, ताल. 'मनी' सात मात्रांत चालतं. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला मोजायला अडचण नाही. सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटार सुरू होताच ताल चारावर येतो आणि नंतर पुन्हा सातावर जातो. 'विश यू'मध्ये असं चटकन बोट ठेवण्याजोगं काही नाही. तिथे एकच कल्पना किती वेळ ताणून धरली आहे ते ऐकायचं.

आवाज कुठे ठेवायचा, इथे बहुतेक जण फसतात. सुरुवातीचे ठोके ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला जातो आणि मग 'टाइम'ची घड्याळं कानठळ्या बसवतात. पातळी 'अस अँड देम'च्या मोठ्या भागावर ठरवा आणि ठोके मंद वाटले तर वाटू द्या. 'विश यू'साठी ड्रम आल्यानंतरचा 'शाइन ऑन' धरा. एका दिवशी आधी हा, दुसऱ्या दिवशी आधी तो, असा क्रम बदला. एका बैठकीत दुसरा लागणारा अल्बम नेहमीच थकलेल्या कानांच्या वाट्याला येतो.

आणि प्रत एकाच मालिकेतली घ्या. २०११ मध्ये जेम्स गथ्री यांनी दोन्ही अल्बम रीमास्टर केले, म्हणजे मूळ टेपवरून नव्याने तयार केले. ती जोडी चालेल. एकाचं पाच वाहिन्यांचं सराउंड मिक्स आणि दुसऱ्याचं साधं स्टिरिओ अशी जोडी लावली की निकाल आधीच ठरला.

आमचं मत विचारलंत तर बांधणीत 'डार्क साइड' पुढे आहे, आणि वाजवण्यात 'विश यू'. रिचर्ड राइट यांचे कीबोर्ड ज्यांना प्रिय आहेत त्यांनी फरक कळावा म्हणून यात १९७७ चा 'अ‍ॅनिमल्स'ही धरावा. 'डार्क साइड'मध्ये 'द ग्रेट गिग' राइट यांची रचना, 'अस अँड देम' बँडमधल्याच रॉजर वॉटर्स यांच्याबरोबरची. 'अ‍ॅनिमल्स'मध्ये रचनाकार म्हणून त्यांचं नाव एकाही गाण्यावर नाही, आणि ते ऐकूही येतं.

प्रश्न : रीमास्टर लावला की जुन्या सीडीपेक्षा दर वेळी चांगला वाटतो. हा भास आहे का?

उत्तर : बरेचदा, हो. आवाज एखाद-दुसऱ्या डेसिबलने जास्त असला तर कानाला तो 'मोठा' न वाटता 'स्वच्छ' आणि 'भरीव' वाटतो. पातळी वाढली की खर्ज आणि अगदी वरचे सूर कानाला जास्त चांगले ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे वक्र मांडून दाखवलं. नव्या रीमास्टरची सरासरी पातळी जुन्या सीडीपेक्षा सहसा वरच असते. त्यामुळे पातळी जुळवल्याशिवाय मत बनवू नये.

संगणकावर ऐकत असाल तर फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये दोन्ही अल्बमच्या फाइल निवडून रीप्लेगेनची (आवाजाची पातळी मोजून ती जुळवणाऱ्या सोयीची) तपासणी करा, आणि ती 'अल्बम' म्हणूनच करा. समजा एकाचा अल्बम-आकडा उणे ३ आणि दुसऱ्याचा उणे ७ आला, तर दुसरा ४ डेसिबलने मोठा आहे. प्लेबॅकमध्ये अल्बम-गेन चालू केलं की दोन्ही एका रेषेत येतात. हाताने करायचं असेल तर मोठ्याला खाली आणा. लहानाला वर नेलं तर शिखरं कापली जाऊन कर्कशपणा येण्याचा धोका असतो. 'ट्रॅक-गेन' मात्र बंदच ठेवा. ते प्रत्येक गाणं सारख्या पातळीवर आणतं, आणि संगीतकाराने शांत ठेवलेलं गाणं शेजारच्या दणदणीत गाण्याइतकंच मोठं होऊन बसतं.

संगणक नसेल तर फोनवरचं ध्वनिपातळी मोजणारं अ‍ॅप चालतं. सी-वेटिंग (खर्जही नीट मोजणारी पद्धत) आणि संथ मापन निवडा, फोन बसण्याच्या जागी एकाच ठिकाणी ठेवा. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या असतील तर त्यातला तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोनदा वाजवा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. आकडा अचूक आहे की नाही याची फिकीर नको, फक्त फरक पाहायचा आहे.

स्पॉटिफायवर ऐकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : तिथला समपातळीचा पर्याय आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) आणतो. अल्बम क्रमाने लावला तर गाण्यांमधला मूळ फरक राखला जातो. शफल किंवा स्वतःच्या यादीत प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं. क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळणं) शून्यावर ठेवा, नाहीतर 'डार्क साइड'सारख्या अल्बमचे मुद्दाम बेतलेले सांधे अ‍ॅपच्या मर्जीने पुसले जातात. जुन्या एमपीथ्री फाइलींत उलटा त्रास होतो : गाण्याच्या दोन्ही टोकांना क्षणभर रिकामी जागा राहते आणि सलग संगीत मधे ठेचकाळतं. फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात तसं होत नाही.

जाता जाता : 'डायनॅमिक रेंज'चा, म्हणजे मंद आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचा, आकडा दाखवणारी साधनं एलपीवरून उतरवलेल्या फाइलींना जास्त आकडा देतात, मूळ मास्टर एकच असला तरी. एलपी विरुद्ध सीडी या वादात तो आकडा पुरावा म्हणून आणू नये.

प्रश्न : बीटल्सच्या 'रबर सोल' आणि 'रिव्हॉल्व्हर'ची तुलना करताना लक्षात आलं की माझ्या आणि मित्राच्या प्रतींतली गाणीच वेगळी आहेत. असं कसं?

उत्तर : तुमच्यापैकी एकाकडे अमेरिकी आवृत्ती आहे. ब्रिटनमध्ये दोन्ही अल्बम चौदा-चौदा गाण्यांचे : 'रबर सोल' डिसेंबर १९६५ चा, 'रिव्हॉल्व्हर' ऑगस्ट १९६६ चा. अमेरिकी 'रबर सोल'मधून 'ड्राइव्ह माय कार' आणि 'नोव्हेअर मॅन' धरून चार गाणी काढली आणि आधीच्या 'हेल्प!'मधली दोन घातली. सुरुवातच गिटारच्या हलक्याफुलक्या गाण्याने होत असल्याने तो अल्बम लोकसंगीताच्या अंगाचा वाटतो. अमेरिकी 'रिव्हॉल्व्हर'वर तर अन्यायच झाला. वगळलेली तिन्ही गाणी जॉन लेनन यांची. त्यांची उरली फक्त दोन. ती प्रत ऐकून 'इथे लेनन मागे पडले' असं म्हणणारे भेटतात. त्यात लेनन यांचा दोष नाही.

तुलना ब्रिटिश क्रमानेच करा, आणि शक्यतो २००९ च्या मोनो संचातून. 'रबर सोल'च्या मूळ स्टिरिओत वाद्यं बरीचशी एका कानात आणि गळे दुसऱ्या कानात आहेत. हेडफोनवर पाच मिनिटांत डोकं दुखतं. १९८७ च्या सीडीवर बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केलेलं स्टिरिओ मिक्स आहे. 'रिव्हॉल्व्हर'चं २०२२ चं मिक्स वेगळ्याच तंत्राचं आहे : एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्यं संगणकाने सुटी करून जॉर्ज यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनी ते केलं. ते छान आहे, पण १९८७ च्या 'रबर सोल'शेजारी ठेवलं तर तुम्ही ३५ वर्षांतल्या तंत्राची तुलना करता, आठ महिन्यांतल्या संगीताची नव्हे. प्लेअरचं मोनोचं बटण दाबलं म्हणजे मोनो मिक्स मिळतं असंही नाही. ती मिक्स वेगळी बसून केलेली होती. याच संचातल्या 'सार्जंट पेपर'मधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोत स्टिरिओपेक्षा जलद आहे आणि जवळजवळ अर्ध्या सुराने वर लागतं.

दोन्ही मोनोत ऐकल्यावर फरक कुठे आहे ते कळतं. 'रबर सोल' महिनाभरात गाऊन उरकलेला आहे. त्याची ताकद मिळून गाण्यात आहे. 'रिव्हॉल्व्हर' स्टुडिओत घडला. उलट फिरवलेली टेप, वेग बदललेले आवाज, आणि स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी शोधलेली, एका गळ्याचे आपोआप दोन करणारी युक्ती. सर्वांत शेवटी येणारं 'टुमॉरो नेव्हर नोज' सर्वांत आधी मुद्रित झालं होतं, हे माहीत असलं की बाकीचा अल्बम वेगळा ऐकू येतो.

प्रश्न : जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांचे 'काइंड ऑफ ब्लू' आणि 'बिचेस ब्रू' यांत मला समान काहीच सापडत नाही. तुलना कशाच्या आधारावर करावी?

उत्तर : समान वादक म्हणाल तर खरंच एकटे डेव्हिस. 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ मध्ये दोन दिवसांत झाला, बहुतेक सलग वाजवून. तिथे एकेका वादकाच्या एकल भागाचा माग काढा. 'बिचेस ब्रू' ऑगस्ट १९६९ मध्ये तीन दिवस वाजवला गेला आणि नंतर निर्माते टिओ मसेरो यांनी तो टेप कापून-जोडून उभा केला. तिथे माग काढायचा तो जोडांचा. 'फेरोज डान्स'मध्ये नवव्या मिनिटाच्या आसपास एक छोटासा तुकडा लागोपाठ पुन्हापुन्हा येतो. कुणी वाजवला नाही, कात्रीने केला आहे.

थेट उडी जमत नसेल तर मधे १९६९ चाच 'इन अ सायलेंट वे' ऐका. अवघा ३८ मिनिटांचा. प्रत्येक बाजूचा सुरुवातीचा भाग टेप जोडून शेवटी तसाच परत आणला आहे. पहिल्या अल्बमची शांतता आणि दुसऱ्याची कात्री, दोन्ही त्यात आहेत. आमच्या लेखी तिघांत तोच पहिला.

'काइंड ऑफ ब्लू'ची प्रत मात्र तपासून घ्या. पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित करताना टेप यंत्र जरा हळू चालत होतं, त्यामुळे कैक वर्षं त्या किंचित जलद आणि चढ्या ऐकल्या गेल्या. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून हे दुरुस्त झालं. १९९७ ची सीडी योग्य वेगाची आहे. पेटी असेल तर 'सो व्हॉट' लावून पाहा. तिची बैठक पांढरी दोनवर आहे, मधल्या आठ मापांत ती काळी दोनवर चढते आणि परत येते. सुरुवात पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी लागत असेल तर तुमच्याकडे जुनी प्रत आहे.

प्रश्न : एलपीवर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं मला फिकं वाटतं. गाणीच कमकुवत निवडतात का?

उत्तर : नाही. ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तितकाच आवाज कमी जागेत कोंबल्यामुळे वरचे सूर बोथट होतात, 'स'-'श' फाटतात. सुईची मांडणी चुकली असेल तर आणखीच. बाजू लांबली की खाचा जवळ आणाव्या लागतात आणि आवाज कमी कोरावा लागतो, हा वेगळा तोटा. शेवटच्या गाण्याबद्दल मत डिजिटल प्रतीवरून बनवा.

प्रश्न : डीलक्स आवृत्तीतली जादा गाणी तुलनेत धरावीत का?

उत्तर : धरू नयेत. 'विश यू वेअर हिअर'च्या २०११ च्या विस्तारित आवृत्तीत शीर्षकगीताचं स्टेफान ग्रापेली यांच्या व्हायोलिनसह रूप आहे. ते जरूर ऐका, पण १९७५ मध्ये ते अल्बममधून बाहेर ठेवलं गेलं होतं, आणि काय बाहेर ठेवायचं हा निर्णयही तुम्ही तोलत असलेल्या कामाचाच भाग आहे. 'शाइन ऑन'चा दुसरा तुकडा विरला की प्लेअर बंद करा.