सरकार मशीन घ्यायला पैसे देतं, प्रयोग करायला नाही

तुम्ही विचारलंय की नव्या शोधांना पाठबळ देण्यात भारत सरकार आणि जपान, जर्मनी, अमेरिका यांच्या धोरणांत नेमका फरक काय. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तेव्हा मागाशेजारी उभं राहून जे दिसतं ते सांगतो.

आकडा सगळ्यांना माहीत असतो. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च झाला. जर्मनीत तो ३ टक्क्यांच्या वर असतो, दक्षिण कोरियात ५ च्या आसपास. पण माझ्या मते खरी अडचण पैसा किती यापेक्षा तो कशासाठी मिळतो यात आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही कमी पिळाच्या सुताचा टॉवेल विणायला घेतला. पीळ कमी असला की सूत पाणी पटकन ओढतं आणि हाताला मऊ लागतं. पण तेच सूत मागावर टिकत नाही. टॉवेलवरचे लूप ज्या सुताचे बनतात त्याचा बीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) चढवला की दर दहा-पंधरा मिनिटांनी धागा तुटायचा, माग थांबायचा. माग सांभाळणारे आमचे जॉबर मामा गाठ मारून परत चालू करायचे. सायझिंग, म्हणजे सुताला लावायची खळ, तीनदा बदलून पाहिलं. दीड महिन्यात जेवढं कापड निघालं त्यातलं निम्मं सेकंडमध्ये, म्हणजे दोषी मालात गेलं. कर्जासाठी गेलो तर पहिला प्रश्न, "मशीनचं कोटेशन आणलंय का?" मला मशीन नकोच होतं. सूत, सायझिंग आणि वाया जाणारं कापड, एवढाच खर्च होता, आणि फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता.

वस्त्रोद्योगाची तंत्रज्ञान उन्नयन योजना १९९९ पासून २०२२ पर्यंत याच वळणाने चालली. आधी व्याजात सवलत, पुढे भांडवली अनुदान. तिचा फायदा झाला हे मी नाकारणार नाही, त्यातून शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग आले. पण ते बहुतेक परदेशातून आले. म्हणजे अनुदान आपलं आणि शोध दुसऱ्याचा.

आता जपानमधलं इमाबारी बघा. तेही टॉवेलचंच गाव, आणि स्वस्त आयातीने तेही खचलं होतं. २००६ मध्ये तिथल्या उत्पादकांच्या संघाने सरकारच्या ब्रँड योजनेचा आधार घेतला आणि स्वतःवर एक अट घालून घेतली: टॉवेलचा तुकडा पाण्यावर टाकला की पाच सेकंदांत बुडू लागला पाहिजे. त्यात बसेल त्यालाच शिक्का. गिऱ्हाईकसुद्धा घरी करून बघेल अशी ही परीक्षा आहे. सोलापूर टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे, पण आजवर माझ्या एकाही व्यापाऱ्याने त्याबद्दल विचारलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

उद्योगांना उपयोगी पडेल असं संशोधन करणारी जर्मनीची फ्राउनहोफर संस्था १९४९ ची. तिला सरकारकडून पायाभूत निधी साधारण एक तृतीयांश मिळतो, बाकीचा उद्योगांची कामं आणि संशोधन प्रकल्प घेऊन कमवावा लागतो. त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञाला कारखान्याचं दार वाजवावंच लागतं. अमेरिकेने १९८२ च्या कायद्याने मोठ्या सरकारी खात्यांना संशोधनाच्या पैशातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखायला लावला. पुढे तो ३.२ टक्क्यांवर गेला, आणि त्या बदल्यात सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही. इस्रायलची रीत मला सगळ्यात पटते. खर्चाचा काही भाग सरकार उचलतं, माल विकला गेला तर विक्रीतून रॉयल्टी घेतं, प्रयोग फसला तर मागे लागत नाही.

आपल्याकडे काहीच हलत नाही असं मात्र नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, २०२५ मध्ये खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी मिळाली. पण त्या योजनेत भर आहे तो कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर, आणि तेही कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध होण्याच्या टप्प्यापर्यंत पोचल्यावर. माझा दीड महिना त्या टप्प्याच्या कितीतरी आधीचा होता.

तुम्ही स्वतः काही करत असाल तर एक गोष्ट आजच वापरा: पेटंटच्या शुल्कात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ८० टक्के सूट आहे. स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणी आधी करून घ्या, मग पेटंटचा अर्ज.