गावच्या सोलर मायक्रोग्रिडला रिमोट मॉनिटरिंग लावावं का?

तुमच्या गावात ८ किलोवॅटचा सोलर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती सौर वीजव्यवस्था, बसतोय आणि रिमोट मॉनिटरिंगवर, म्हणजे लांबून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेवर, पैसे घालावेत का, असं विचारलंय. घाला. पण डॅशबोर्ड बघून कुणी "सिस्टीम ओके" म्हणालं तर लगेच मान डोलावू नका.

धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी मेंटेनन्सला होतो. ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बँक, म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल. संध्याकाळी पिठाची गिरणी लावली की इन्व्हर्टर ट्रिप, अख्खा पाडा अंधारात. सिस्टीम लांबून बघणाऱ्या ऑफिसला फोन केला की ठरलेलं उत्तर, इथे सगळं हिरवं दिसतंय, लोकांनी चोरून हीटर लावला असेल. बॅटरी रूम सांभाळणारा पाड्यातलाच पोरगा दर आठवड्याला हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन, घनता कमी म्हणजे सेल उतरलेला) घालून वहीत लिहायचा, बाकी सेल १.२४ आणि ९ नंबर घसरत घसरत १.१५ वर. वहीचा फोटो पाठवला तर म्हणे हाताने घेतलेलं रीडिंग आम्ही धरत नाही.

आणि त्यांचा लॉगर, म्हणजे रीडिंग नोंदवून पाठवणारं यंत्र, काय मोजत होता? अख्ख्या बँकेचं व्होल्टेज, तेही १५ मिनिटांची सरासरी. २३ सेल २.१ वर आणि एक १.७ वर असला तरी बेरीज ५० येते, ५०.४ च्या जागी, कोणाच्या लक्षात येणार? गिरणीची मोटर सुरू होताना ५-६ पट करंट ओढते, ते दोन-तीन सेकंद, तेवढ्यात तो सेल बसतो, इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद, आणि सरासरीत त्याचा मागमूसही नाही. सहा महिने भांडून सेल बदलला, गिरणी त्याच दिवशी चालली. पण ज्यांच्यावर चोरीचा आळ घेतला त्यांची माफी कोणी मागितली नाही, ते मला अजून सलतं.

तर प्रत्येक सेलचं व्होल्टेज, बँकेचं तापमान, आत-बाहेर जाणारा करंट आणि फीडरचं (घरांकडे जाणाऱ्या लाइनचं) मीटर एवढं मागाच, ट्रिपच्या आधीचा मिनिटभर सेकंदा-सेकंदाचा डेटा राखणारा लॉगर घ्या, रेंज गेली तरी तो मेमरीत राहिला पाहिजे. अलार्मचा एसएमएस आधी गावातल्या ऑपरेटरला, मग ऑफिसला. आणि त्याच्या वहीतलं रीडिंग तक्रारीत ग्राह्य धरलं जाईल हे करारात लिहूनच घ्या, तोंडी नको.

हां, लिथियम बँक असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, प्रत्येक सेल स्वतःच मोजतो, हायड्रोमीटरचं कामच नाही, फक्त तो डेटा लॉगरपर्यंत येतोय ना ते बघा. आणि पुढे महावितरणची लाइन जोडणार असाल तर लाइन गेल्याबरोबर तुमची वीज तिकडे जायची थांबते की नाही हे आधी तपासा, खांबावर लाइनमन चढलेला असतो.