लॅबमध्ये क्रिस्टल छान येतात, प्लांटला मात्र पिठासारखे. कूलिंग स्लो करूनही सेंट्रीफ्यूज (क्रिस्टल गाळायचं फिरतं यंत्र) चोक होतो, काय करू?

कूलिंग स्लो केलंत म्हणता, पण मासचं, म्हणजे आतल्या द्रावणाचं, की नुसतं बीएमआरमधलं, म्हणजे बॅचच्या नोंदवहीतलं? हसू नका, आमच्याकडे हेच निघालं होतं. मी बडोद्याला पादरा बाजूच्या एका बल्क ड्रग (औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या) प्लांटला प्रॉडक्शनमध्ये होतो, आणि गंमत म्हणजे आमची बोंब फक्त थंडीत असायची. मे महिन्यात माल मस्त, उत्तरायण जवळ आलं की सेंट्रीफ्यूजला दुप्पट वेळ. बीएमआर बघावं तर दोन्हीकडे तासाला १० डिग्री. शेवटी एका नाइटला रिअॅक्टरपाशीच बसलो तेव्हा कळलं, नोंद तासाला एकदाच करायची म्हणून ऑपरेटरभाई कूलिंग टॉवरचा व्हॉल्व फुल खोलून वीस मिनिटांत १० डिग्री पाडायचे आणि उरलेला वेळ चहा. झाले की तासाला १०! मे मध्ये पाणीच कोमट असतं म्हणून ते जमायचं नाही, जानेवारीच्या पहाटे मास ५५ ला आणि जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवतीच्या पोकळ कवचाला, वीसचं पाणी.

आता तूप आठवा. कढवून ओट्यावर सावकाश निवू दिलं तर रवाळ होतं, गरम गरम फ्रीजमध्ये ढकललं तर नुसता गुळगुळीत गोळा. तसंच इथे, जॅकेट फार थंड असेल तर भिंतीलगत सुपरसॅच्युरेशन (द्रावणात मावेल त्याहून जास्त माल विरघळलेला असणं) एकदम वाढतं, तिथे बारीक कणांचा पाऊस पडतो आणि भिंतीवर पापुद्रा धरतो तो वेगळाच. १ लिटरवरून १००० लिटरला गेलं की दर लिटरमागे भिंत साधारण दहापट कमी पडते, म्हणून प्लांटमध्ये सगळे जॅकेट जास्त थंड करायला बघतात आणि तिथेच फसतात. तेव्हा जॅकेट आणि मासमधल्या फरकाला लिमिट घाला, आम्ही १० ते १२ डिग्री ठेवली होती.

दुसरं म्हणजे सीडिंग, म्हणजे तयार क्रिस्टलचं थोडं विरजण टाकणं, आणि खरं तर हेच जास्त महत्त्वाचं. समजा तुमचं सोल्युशन ५८ ला सॅच्युरेट होतं आणि लॅबमध्ये ५० ला आपोआप गढूळ होतं, तर सीड ५६ च्या आसपास टाका, साधारण १ टक्का, त्याच सॉल्व्हंटमध्ये स्लरी (न विरघळता कालवण) करून. सीड विरघळलं तर घाई झाली, आधीच गढूळ असेल तर गाडी सुटली. आणि लॅबच्या ५० वर विसंबू नका, मोठ्या रिअॅक्टरमध्ये बहुतेक वेळा त्याच्या आधीच गढूळ होतं. सीड टाकल्यावर तासभर तिथेच थांबवा. मग कूलिंग सुरुवातीला अगदी हळू, कारण तेव्हा वाढायला क्रिस्टलचा पृष्ठभागच कमी असतो. ५६ वरून १० ला ८ तासांत यायचं तर क्यूबिक प्रोफाइलप्रमाणे (उतार वेळेच्या घनाच्या प्रमाणात) पहिल्या ४ तासांत फक्त ६ डिग्री, बाकीचे ४० नंतर. शेवटी जॅकेट तेवढं ओढत नाही, म्हणून आम्ही टप्प्याटप्प्याने करायचो आणि वेळ थोडा जास्त द्यायचो.

आरपीएम उगाच वाढवू नका, माल तळाला बसणार नाही इतकंच पुरे, नाहीतर क्रिस्टल तुटून परत बारीक.

आणि सीडचा एक्सआरडी (क्रिस्टलची रचना ओळखायची एक्स-रे तपासणी) करून घ्या बाबा. रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधात १९९८ ला वेगळाच, कमी विरघळणारा पॉलिमॉर्फ (त्याच रसायनाची वेगळी क्रिस्टल रचना) निघाला आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. चुकीचं सीड म्हणजे असलं संकट आपल्या हाताने रिअॅक्टरमध्ये टाकणं. क्यूएला (क्वालिटीवाल्यांना) आधी सांगून चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची रीतसर मंजुरी, उघडा, आणि पहिल्या दोन-तीन बॅचला नोंद तासाची नको, दहा मिनिटांची ठेवा.