नव्या अल्बमवरचे चाहत्यांचे रिव्ह्यू कितपत मनावर घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉप, पंक (वेगवान, खरखरीत रॉक) आणि कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं गाणं) तुम्ही अलीकडेच ऐकायला लागला आहात. नवा अल्बम आला की काही तासांतच एक चाहता त्याची आरती ओवाळतो आणि दुसरा त्याला मोडीत काढतो. यातलं काय धरायचं, आणि उद्या स्वतःलाच लिहावंसं वाटलं तर कसं लिहायचं?

मी असे रिव्ह्यू भरपूर वाचते, अधूनमधून लिहितेही. माझं मत सरळ आहे. तारे आणि गुण बघूच नका, तुलना वाचा. चाहता आधीपासूनच एका बाजूचा असतो, त्यामुळे त्याच्याकडून निवाड्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण हाच माणूस त्या बँडची जुनी रेकॉर्डिंग्ज, मैफलीत वाजवलेली रूपं, अल्बममधून गाळलेली गाणी असं सगळं कोळून प्यायलेला असतो. "हे गाणं गेल्या वर्षी मैफलीत बरंच संथ वाजवायचे, इथे वेग वाढवला आणि त्यातलं दुखणंच गेलं" असं वाक्य फक्त तोच लिहू शकतो. आठवड्याला चार-पाच अल्बम उरकणाऱ्या समीक्षकाकडे तेवढा वेळ नसतो.

आता पहिल्या दिवसाच्या गदारोळाबद्दल. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी यायचे. एकच दिवस ठरल्यापासून सगळे एकदम ऐकतात आणि सगळ्यांनाच एकदम बोलायचं असतं. टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' १९ एप्रिल २०२४ ला आला तेव्हा आधी सोळा गाणी आली, दोन तासांनी आणखी पंधरा. एकूण एकतीस गाणी, दोन तासांहून जास्त ऐकणं. आणि सकाळी उठून बघावं तर "तिचं आजवरचं सर्वोत्तम काम" आणि "तिने आता थांबावं" असे दोन्ही निकाल जाहीर झालेले! त्या लोकांनी अल्बम जेमतेम एकदा ऐकला असणार. त्याच अल्बमचं प्रतिकूल परीक्षण 'पेस्ट' मासिकाने लेखकाचं नाव न देता छापलं. २०१९ मध्ये तिच्या 'लव्हर' अल्बमबद्दल लिहिणाऱ्याला वाचकांकडून हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, हे कारण त्यांनी तिथेच दिलं. एवढं तापलेलं वातावरण असताना पहिल्या चोवीस तासांतले तारे हे बहुतेक निष्ठेचे नाहीतर रागाचे असतात. मी दहा-बारा दिवसांनंतरचे रिव्ह्यू वाचते.

आणि वाचकांचा कौल म्हणजे देवाचा कौल असंही समजू नका. वीझर हा पंकच्या शेजारचा बँड. त्यांच्या 'पिंकर्टन'ला १९९६ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत तिसरा क्रमांक दिला. पुढे चाहत्यांच्याच एका पिढीने तो उचलून धरला, आणि २००४ मध्ये त्याच मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. अल्बममधला एक सूरही मध्यंतरी बदलला नव्हता.

तिन्ही प्रकारांतली भांडणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती माहीत नसतील तर रिव्ह्यू वाचून डोक्याचा भुगा होतो.

कंट्रीत भांडण एकच: "हे कंट्री आहे का?" २०१९ मध्ये गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाने रॅपर लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं. मग तेच गाणं मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. केसी मस्ग्रेव्हजच्या २०२१ च्या अल्बमला ग्रॅमीवाल्यांनी कंट्री विभागात घेतलंच नाही, पॉपकडे पाठवलं. मार्च २०२४ मध्ये बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' आला. बिलबोर्डच्या कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पण त्याच वर्षी कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलच्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत एकही नामांकन नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी तिलाच! त्या अल्बमात लिंडा मार्टेलचा आवाज आहे. १९६९ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या नामांकित कंट्री कार्यक्रमाच्या रंगमंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती. संगीताच्या या कप्प्यांत काहींना कोंडल्यासारखं होतं, अशा अर्थाचं ती तिथे बोलते. तेव्हा "कंट्री नव्हेच" एवढ्यावर संपणारा रिव्ह्यू दिसला की मी सरळ पुढे जाते. तो अल्बमबद्दल काहीच सांगत नाही, लिहिणाऱ्याने कुंपण कुठे घातलंय तेवढं कळतं.

कंट्रीचा जाणता चाहता वेगळ्याच गोष्टी टिपतो. एक उदाहरण देते. या गाण्यांत एक जुनी युक्ती असते. ध्रुवपदाचे शब्द तेच राहतात, पण मधल्या कडव्यांत गोष्ट पुढे सरकते आणि तिसऱ्यांदा तेच ध्रुवपद आलं की अर्थ फिरलेला असतो. पहिल्यांदा बाप मुलाला "दार उघडं ठेव" म्हणतो, शेवटी मुलगा म्हाताऱ्या बापासाठी दार उघडं ठेवतो, असं काहीतरी. ही कलाटणी साधली की फसली, हे जो सांगतो त्याचा रिव्ह्यू मी शेवटपर्यंत वाचते. तसंच पेडल स्टीलचं. ते रडवं, घसरत जाणारं वाद्य गाण्याचा कणा म्हणून वाजतंय की फक्त ध्रुवपदात "बघा, आम्ही कंट्रीच" म्हणायला मागून लावलंय, हे हेडफोन लावल्यावर दुसऱ्याच मिनिटाला कळतं. चाहते हे अचूक पकडतात.

लांबीचं दुखणंही इथेच जास्त. मॉर्गन वॉलनच्या २०२३ च्या अल्बमात छत्तीस गाणी होती, २०२५ च्या अल्बमात सदतीस. याला कलेचं कारण शोधायला जाऊ नका. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डच्या अल्बम यादीत स्ट्रीमही मोजले जातात, आणि स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरला जातो. गाणी जास्त तर स्ट्रीम जास्त. त्यामुळे "यातली बारा ठेवा, बाकीची काढा" असं नावानिशी लिहिणारा चाहता भेटला तर त्याची यादी जपून ठेवा. मी अनेक लांबलचक अल्बम अशाच यादीवरून ऐकलेत आणि ते बरेच चांगले वाटले.

पंकमध्ये चाहत्याचा रिव्ह्यू हाच मूळचा रिव्ह्यू. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' नावाचं पत्रक टाइप करून, झेरॉक्स काढून वाटायला सुरुवात केली, कारण मोठ्या मासिकांत त्याला हवं ते कुणी लिहीत नव्हतं. पत्रकाचा बोलबाला व्हायला लागला आणि वर्षभरातच त्याने ते बंद करून टाकलं. कॅलिफोर्नियातलं 'मॅक्सिमम रॉकनरोल' मात्र १९८२ पासून २०१९ पर्यंत कागदावर निघत राहिलं. ही परंपरा झकास आहे, पण तिचं सोवळंही कडक. ग्रीन डे या बँडने मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला (त्यातूनच १९९४ मध्ये 'डूकी' आला) आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या '९२४ गिलमन स्ट्रीट' या पंक क्लबचे दरवाजे त्यांना बंद झाले. मोठ्या कंपनीच्या बँडला तिथे मंच नाही, हा नियम. २०१५ मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ते पुन्हा तिथे वाजवू शकले. पंकच्या रिव्ह्यूत "विकले गेले" असं दिसलं की ते या सोवळ्यातून आलंय हे ओळखा. बहुतेक वेळा खरी तक्रार एवढीच असते की ड्रम्स स्वच्छ ऐकू येतात आणि गायकाचा आवाज घासूनपुसून लखलखीत केलाय. गंमत म्हणजे नेमक्या याच लखलखीतपणासाठी पॉपचा चाहता टाळ्या वाजवतो. तुमचा कान कुठल्या बाजूचा आहे ते ठरवा आणि रिव्ह्यू हवा तर उलटा वाचा.

पॉपबद्दल थोडक्यात. पॉपचे चाहते पुष्कळदा गाण्याऐवजी रोजनिशीचा रिव्ह्यू करतात. हे गाणं कुठल्या जुन्या प्रियकरावर, त्या ओळीत कुणाला टोमणा, व्हिडिओत कुठला इशारा दडवलाय, असं चऱ्हाट चालू राहतं. तो भाग खुशाल सोडा. हुक (डोक्यात अडकून बसणारी ओळ किंवा धून) कितव्या सेकंदाला येतो, ब्रिजमध्ये (शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या चालीच्या तुकड्यात) गाणं खरंच कुठे जातं की नुसता सूर चढवलाय, निर्माता (ध्वनिमुद्रणाला आकार देणारा माणूस) बदलल्यामुळे आवाजात काय फरक पडला, हे कुणी लिहिलं असेल तर थांबा. आणि कुठल्या आवृत्तीवर लिहिलंय ते बघा. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' ७ जून २०२४ ला आला, तीनच दिवसांत तीन जादा गाण्यांची आवृत्ती आली आणि ऑक्टोबरमध्ये रिमिक्सांचा अख्खा अल्बम. तिन्हींवरचे रिव्ह्यू एकाच नावाखाली सापडतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

आता तुमच्या लिहिण्याबद्दल. पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवू नका आणि गाणी अल्बमच्या क्रमानेच ऐका. २०२१ मध्ये अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं (गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याचं) बटण मागे सारलं, ते उगीच नाही. गाण्यांचा क्रम हा अल्बमचा अर्धा जीव असतो. मधे दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग शब्द घेऊन बसा. लिहिताना पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला एकेक ओळ वाटत सुटू नका. चाहत्यांच्या रिव्ह्यूंना लागलेला हा सर्वांत मोठा रोग आहे, आणि अशा याद्या लिहिणारा सोडून कुणी पुरत्या वाचत नाही. एकच गाणं घ्या आणि त्याच्या पोटात शिरा. "दोन मिनिटं दहा सेकंदांवर गिटार थांबते आणि नुसता श्वास ऐकू येतो" हे लिहिलंत की वाचणारा लगेच ते गाणं लावून बघतो. "अंगावर काटा आला" वाचून कुणीच काही लावत नाही.

तुम्ही जिच्यावर लिहिताय त्या गायिकेचे कट्टर चाहते असाल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका. तिचा आधीचा कुठला अल्बम तुमचा लाडका, तेही सांगा. म्हणजे वाचणाऱ्याला तुमच्या मतातून किती वजा करायचं ते कळेल. नावडलेल्या गाण्याबद्दल लिहायला बिचकू नका, फक्त गायिकेच्या दिसण्यावर किंवा घरच्या भानगडींवर घसरू नका.

सुरुवात पंकपासून करा, असं मी सुचवेन. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. आजही पुष्कळ पंक अल्बम अर्ध्या-पाऊण तासात आटोपतात. एका संध्याकाळी दोनदा ऐकून होतो, आणि छत्तीस गाण्यांच्या कंट्री अल्बमवर लिहिताना येणारा घाम वाचतो. लिहून झालं की इथेच खाली टाका, मी वाचेन. आणि भांडायचं झालं तर भांडेनही.