एल्मिनाच्या किल्ल्याशेजारचं मोकळं मैदान

प्रश्न : घानातल्या एल्मिना किल्ल्याचे फोटो पाहिले. किल्ल्याला लागून मोकळी जमीन दिसते आणि वस्ती खाडीपलीकडे. इतक्या जुन्या बंदरात किल्ल्याजवळ कुणी घर कसं बांधलं नाही? तिथे गेलो तर आणखी काय पाहावं?

उत्तर : ती मोकळी जमीन म्हणजेच जुनं एल्मिना. बहुतेक प्रवासी किल्ल्यातली तळघरं पाहून, समुद्राकडच्या अरुंद दारापाशी फोटो काढून गाडीत बसतात. मैदानाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, म्हणून तुमचा प्रश्न मला फार आवडला.

दिओगो द आझाम्बुजा या पोर्तुगीज सरदाराने १४८२ मध्ये किल्ला बांधायला घेतला. त्यासाठी घडवलेले दगड थेट पोर्तुगालहून जहाजांतून आणले होते. ओढ सोन्याची होती. माणसांचा व्यापार पुढे वाढला. १६३७ मध्ये डचांनी समोरच्या सेंट जागो टेकडीवर तोफा चढवल्या आणि किल्ला घेतला. मग आपल्यावर तीच वेळ येऊ नये म्हणून त्या टेकडीवरही गढी बांधली! दरम्यान बेन्या खाडी आणि समुद्र यांमधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर गाव दाटत गेलं.

१८७२ मध्ये डचांनी इथली सगळी ठाणी ब्रिटिशांच्या हवाली केली. गावाला कुणी विचारलं नाही. एल्मिनाचं किनाऱ्यापासून आत असलेल्या अशांती (असांते) लोकांच्या राज्याशी जुनं सख्य, आणि अशांतींचं ब्रिटिशांशी वैर. राजा कोबिना ग्यानने नव्या सत्तेपुढे मान तुकवायला नकार दिला. त्याला सिएरा लिओनला हद्दपार केलं. १३ जून १८७३ रोजी ब्रिटिशांनी गावावर तोफा डागल्या. जे उरलं तेही पाडून जमीन सपाट केली आणि लोकांना तिथे परत घरं बांधू दिली नाहीत. ते खाडीपलीकडे गेले. ख्रिस्तोफर डीकोर्स या पुरातत्त्वज्ञाने १९८०च्या दशकापासून इथे उत्खनन केलं, तेव्हा घरांचे पाये, मणी, तंबाखूचे पाइप आणि परदेशी भांड्यांचे तुकडे निघाले.

तेव्हा किल्ला पाहाच. बायकांना कोंडायच्या चौकावर गव्हर्नरचा सज्जा आहे, तो पाहून पोटात कालवतं. अशांतींचा राजा प्रेम्पेह पहिला यालाही १८९६ मध्ये इथे डांबलं होतं. पण नंतर पूल ओलांडून गावात जा. आसाफो पथकांची, म्हणजे जुन्या लढाऊ संघटनांची, ‘पोसुबान’ नावाची रंगीत स्मारकं तिथे रस्त्यावरच उभी आहेत. एकावर खलाशांसह जहाज, दुसऱ्यावर आदम आणि इव्ह. जुलैच्या पहिल्या मंगळवारी पोहोचलात तर बाकातुए उत्सव सापडेल. खाडीत विधिपूर्वक जाळं टाकून मासेमारीचा नवा हंगाम सुरू करतात.

प्रश्न : एल्मिनात ‘जावा हिल’ नावाची टेकडी कशी काय?

उत्तर : जावा बेटावर डचांचं राज्य होतं. तिथल्या फौजेसाठी १८३१ ते १८७२ या काळात त्यांनी या किनाऱ्यावरून सुमारे तीन हजार शिपाई नेले. पुष्कळसे अशांतींच्या राजधानीत, कुमासीत, विकत घेतलेले गुलाम होते. हातात सुटकेचा कागद द्यायचे आणि त्या सुटकेची किंमत शिपायाच्याच पगारातून कापून घ्यायचे. मुदत संपवून जे परतले त्यांतले काही पेन्शन घेऊन या टेकडीवर राहिले.